रात्री साडेतीनची शर्यत: घरभर खेळणी पडलीत, तरी मांजर दमत का नाही?

रात्रीचे साडेतीन. आधी हॉलमधून स्वयंपाकघराकडे धाडधाड पळाल्याचा आवाज. मग ओट्यावरून स्टीलचं भांडं पडल्याचा. आणि मग पांघरुणातून बाहेर आलेल्या पायाच्या अंगठ्यावर थेट झडप. फ्लॅटमध्ये मांजर पाळणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही. माझ्या घरी हा कार्यक्रम जवळजवळ वर्षभर चालला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा लिफ्टमध्ये विचारलंच, "रात्रीचं फर्निचर हलवता का गं तुम्ही?"

ऐकायला गंमत वाटते. पण भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी ही गंमत फार दिवस टिकत नाही. शेजाऱ्यांची तक्रार येते, घरमालकाचा फोन येतो, सोफ्याचं कापड फाटतं, सकाळच्या शिफ्टला झोप पुरत नाही. आणि मग एक दिवस इन्स्टाग्रामवर पोस्ट पडते: 'दीड वर्षाचा बोका, लसीकरण पूर्ण, खूप अ‍ॅक्टिव्ह, चांगलं घर हवंय.' अशा पोस्ट नीट वाचल्या तर लक्षात येतं, की त्या 'खूप अ‍ॅक्टिव्ह' या दोन शब्दांतच मांजर देऊन टाकण्याचं कारण लपलेलं असतं.

फ्लॅटमधली मांजरं आपल्याकडे बातमीत येतात ती बहुतेक वेळा संख्येमुळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात हडपसरच्या एका सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये ३०० हून अधिक मांजरी असल्याची बातमी आली, तेव्हा चर्चा झाली ती वासाची, आवाजाची आणि परवानगीची. एका घरात किती मांजरं असावीत हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण ज्यांच्याकडे एकच मांजर आहे आणि तेही चारशे चौरस फुटांत, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. या प्राण्याने दिवसभर करायचं काय?

जगभरात मांजरं घरात का चालली आहेत?

हा प्रश्न फक्त मुंबई-पुण्याचा नाही. जर्मनीतल्या वॉलडॉर्फ या छोट्या शहराच्या काही भागात २०२२ च्या मे महिन्यात प्रशासनाने आदेश काढला, की ऑगस्टअखेरपर्यंत पाळीव मांजरं घराबाहेर सोडायची नाहीत. कारण होतं तुरेवाला चंडोल. जमिनीवर घरटं करणारा हा पक्षी तिथे अगदी मोजका उरला आहे आणि त्याची पिल्लं मांजरांच्या तावडीत सापडतात. नियम मोडला तर ५०० युरो दंड, आणि मांजराने चंडोल मारलाच तर ५० हजार युरोपर्यंत. पुढची तीन वर्षंही विणीच्या हंगामात ही बंदी लागू राहील, असं तेव्हाच सांगण्यात आलं. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा ज्या प्रदेशात येते, तिथे १ जुलै २०२२ नंतर जन्मलेलं प्रत्येक मांजर मालकाच्या हद्दीतच ठेवणं बंधनकारक आहे.

आपल्याकडे असा कायदा नाही. आपलं मांजर घरात राहतं ते रस्त्यावरच्या गाड्यांच्या, कुत्र्यांच्या आणि बाराव्या मजल्याच्या धाकाने. निर्णय योग्यच आहे. घरातलं मांजर सुरक्षित राहतं, त्याला आजार कमी होतात, पक्षीही वाचतात. पण या व्यवहारात मांजराचं एक मोठं नुकसान होतं आणि त्याचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. त्याची नोकरी जाते.

कोकणातल्या किंवा देशावरच्या जुन्या घरात मांजर लाडासाठी क्वचितच असायचं. भाताच्या कणगीपाशी, माळ्यावर, गोठ्यात त्याला काम होतं. दुधाची वाटी मिळायची, बाकीचं पोट त्याचं त्याने भरायचं. एका उंदरातून साधारण ३० कॅलरी मिळतात. म्हणजे फक्त उंदरांवर जगायचं तर दिवसाला सात-आठ तरी हवेत, आणि प्रत्येक झडप काही यशस्वी होत नाही. त्यामुळे चोवीस तासांत कितीतरी वेळा दबा धरणं, पाठलाग, झडप, हुकणं, पुन्हा दबा. मांजराचं शरीर आणि मेंदू या वेळापत्रकासाठी घडले आहेत. फ्लॅटमध्ये मात्र वाटीत कोरडं खाणं सकाळीच ओतलेलं असतं. काम गेलं, पण ते करायची उबळ तशीच राहिली. मांजर मुळात पहाटे आणि संध्याकाळी जास्त सावध असणारा प्राणी असल्याने ही उबळ नेमकी आपल्या झोपेच्या वेळी उसळते.

खेळ आणि शिकार यात फरक किती?

'मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव' ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो. पण मांजराबद्दल ती अर्धीच खरी आहे. उंदराला पंजाने इकडून तिकडे उडवणारं मांजर क्रूरपणे मजा करतंय असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात शिकार मोठी असेल, उलटून चावेल अशी असेल किंवा मांजराला फारशी भूक नसेल, तर ते शेवटचा चावा घ्यायला कचरतं आणि अंतर राखून पंजे मारत राहतं. आपण ज्याला खेळ म्हणतो तो बऱ्याच अंशी अपुरी राहिलेली शिकारच असते.

उलट बाजूनेही हेच दिसतं. ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात साराह हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी नव्वदच्या दशकात घरगुती मांजरांच्या खेळण्याचा अभ्यास केला. भूक लागलेली मांजरं खेळण्यांशी अधिक जोमाने खेळतात आणि एरवी ज्या मोठ्या खेळण्याला बिचकतील त्यावरही तुटून पडतात, असं त्यांना दिसलं. खेळणं हा नुसता विरंगुळा असता तर पोट रिकामं असताना तो वाढला नसता.

याच गटाचा २००२ चा प्रयोग मला सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण घराघरांतल्या एका तक्रारीचं उत्तर त्यात आहे. 'पाचशे रुपयांचं खेळणं आणलं, दोन दिवस खेळलं, आता ढुंकूनही बघत नाही.' संशोधकांनी मांजरांना तेच खेळणं पुन्हा पुन्हा दिलं, तेव्हा त्यांचा उत्साह झपाट्याने घसरला. त्यानंतर थोड्याच वेळात वेगळ्या रंगावासाचं खेळणं समोर आलं, तर मात्र मांजरं पहिल्यापेक्षाही जोरात खेळली. म्हणजे मांजर खेळाला कंटाळलं नव्हतं, त्या वस्तूला कंटाळलं होतं. तिच्यात काहीच बदल होत नाही, ती फाटत नाही, मरत नाही, खाता येत नाही. अशा शिकारीमागे शक्ती का घालवायची?

आणि म्हणूनच घरभर पडलेली दहा खेळणी निरुपयोगी ठरतात. ती कायम समोर असतात, म्हणून ती फर्निचर होतात. दोन-तीनच बाहेर ठेवून बाकीची डब्यात बंद करायची आणि चार दिवसांनी अदलाबदल करायची, हा फुकटातला उपाय कुठल्याही नव्या खरेदीपेक्षा चांगला चालतो.

दहा मिनिटांनी खरंच काय होतं?

'रोज थोडा वेळ खेळा' हा सल्ला सगळेच देतात. त्याला आकड्यांचा आधार मिळाला तो २०२१ मध्ये. एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी नैऋत्य इंग्लंडमधल्या २१९ घरांतल्या ३५५ मांजरांवर केलेला प्रयोग 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही बाहेर जाऊन शिकार करून आणणारी मांजरं होती. त्यांच्याशी रोज फक्त ५ ते १० मिनिटं, पिसांच्या काठीने आणि नंतर उंदराच्या आकाराच्या खेळण्याने, मालक खेळले. या मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीत २५ टक्के घट झाली. धान्यविरहित, भरपूर मांस असलेल्या खाण्याने ती ३६ टक्क्यांनी घटली.

याच प्रयोगात एका गटाला पझल फीडर दिले होते, म्हणजे ढकलून-उलटवून आतलं खाणं काढायचं खेळणं. त्या गटाची शिकार कमी होण्याऐवजी ३३ टक्क्यांनी वाढली. मांजरांना त्यातून खाणं काढायला नीट जमलं नाही, ती भुकेली किंवा वैतागलेली राहिली असावीत, असा संशोधकांचा अंदाज होता.

ही मांजरं बाहेर जाणारी होती, आपली बंद दाराआडची आहेत, त्यामुळे आकडा जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण त्यातून एक गोष्ट पुढे येते. दहा मिनिटांचा खेळ मांजराला खऱ्या शिकारीच्या काही भागाची भरपाई वाटू शकतो. तासन्‌तास पळवण्याची गरज नाही.

मग लेझर, टीव्ही, आपोआप फिरणारे बॉल?

इथे बाजार येतो. आपण दिवसभर ऑफिसात असतो, म्हणून आपल्याऐवजी मांजराला दमवणारी वस्तू हवी असते, आणि ती विकायला भरपूर जण तयार आहेत.

सगळ्यात लोकप्रिय म्हणजे लेझर. सोफ्यावर बसून मोबाइल बघता बघता मांजर पळवता येतं. अडचण अशी, की लाल ठिपका कधीच पकडता येत नाही. दबा, पाठलाग, झडप, आणि पंजाखाली काहीच नाही. २०२१ मध्ये ६१८ मांजरमालकांच्या ऑनलाइन सर्वेक्षणात असं दिसलं, की जिथे लेझरचा वापर जास्त तिथे मांजरं सावल्यांमागे, प्रकाशाच्या कवडशांमागे पुन्हा पुन्हा धावतात किंवा एकाच जागी टक लावून बसतात, असं मालक अधिक प्रमाणात सांगतात. हे सर्वेक्षण आहे, लेझरमुळेच तसं होतं हे त्यातून सिद्ध होत नाही. तरी घरात लेझर असेल तर शेवटी ठिपका एखाद्या कापडी उंदरावर किंवा खाण्याच्या तुकड्यावर नेऊन थांबवावा, म्हणजे हातात काहीतरी लागेल. डोळ्यात मारू नये हे वेगळं सांगायला नको.

यूट्यूबवर मांजरांसाठी आठ-आठ तासांचे पक्ष्यांचे व्हिडिओ आहेत. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाने २००८ मध्ये निवारा केंद्रातल्या १२५ मांजरांवर पडद्याचा प्रयोग केला होता. मांजरांनी निरीक्षणाच्या एकूण वेळेपैकी जेमतेम ६ टक्के वेळ पडद्याकडे पाहिलं आणि थोड्या वेळाने तेवढाही रस उरला नाही. खिडकीवरचं खरं कबुतर याहून कितीतरी सरस. मुंबई-पुण्यात त्यांचा तुटवडाही नाही.

आणि पझल फीडर? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत १७ मांजरांपुढे दोन पर्याय ठेवले गेले: ट्रेमध्ये उघडं खाणं आणि पझलमधलं खाणं. उंदरापासून अस्वलापर्यंत अनेक प्राणी अशा वेळी थोडे कष्ट करून मिळणारं खाणंही आवडीने खातात. मांजरांनी बहुतांश ट्रेच निवडला. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण माझं मांजर आळशी नसून प्रातिनिधिक आहे. तरी पझल टाकाऊ नाही. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये चार-चार दाणे टाकून सोप्यापासून सुरुवात केली, तर दुपारचा अर्धा तास त्यात जातो. फक्त त्याला खेळाची जागा देऊ नये आणि मांजर उपाशी राहत नाही ना हे पाहावं.

मग खेळायचं कसं?

बहुतेक माणसं चुकीचं खेळतात. मीही तेच करायचे. पिसांची काठी मांजराच्या तोंडासमोर नाचवायची, ते दोन पंजे मारणार, मग बसून राहणार, आणि आपण म्हणणार, 'मूड नाहीये याचा.' कुठलंही पाखरू आपण होऊन मांजराच्या तोंडात येत नाही. शिकार दूर पळते. सोफ्याच्या पायामागे जाते, थांबते, फक्त शेपटीचं टोक हलतं, मग सरपटत गालिच्याखाली शिरते. काठी तशी हलवली की मांजराचं अंग जमिनीला टेकतं, बुबुळं मोठी होतात, मागचा भाग डुलायला लागतो. या वेळी ते मिनिटभर हलतही नाही. ही थांबून बघण्याची वेळ म्हणजे खेळच आहे, उलट मेंदू सगळ्यात जास्त याच वेळी कामाला लागलेला असतो. नेमकं तेव्हाच आपण कंटाळून काठी ठेवून देतो.

प्रत्येक मांजराची आवडती शिकार वेगळी असते. काहींना हवेत उडणारं हवं, त्यांना जुना शटलकॉक दोरीला बांधून चालतो. काहींना जमिनीवर खसखसणारं हवं, त्यांच्यासाठी ब्राउन पेपरखाली सरकणारी काठी. काहींना पकडून मागच्या पायांनी लाथा मारायच्या असतात, त्यांना जुन्या मोज्यात कापड भरून दिलेली लांबट गुंडाळी पुरते. टेबल टेनिसचा चेंडू कोरड्या परातीत टाकून पाहा. फक्त स्वतःचा हात खेळणं म्हणून वापरू नका. दोन महिन्यांच्या पिल्लाने बोट चावलं की गोड वाटतं, पण त्याच सवयीचा साडेचार किलोचा बोका रक्त काढतो. मग जखम साबणाने धुवून डॉक्टर गाठावा लागतो, कारण आपल्या देशात रेबीज आहे.

मधूनमधून पकडू द्यायचं. शेवटच्या दोन मिनिटांत काठीचा वेग कमी करायचा, शिकार जखमी झाल्यासारखी लंगडू द्यायची, आणि शेवटी मांजराच्या दातांत जाऊ द्यायची. मग लगेच जेवण. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा मांजराचा क्रम आहे आणि तो पूर्ण झाला की पुढची झोप आपोआप येते. म्हणून खेळ जेवणाआधी हवा, नंतर नाही. सगळं जेवण दिवसभर वाटीत भरून ठेवण्याऐवजी तीन-चार वेळा थोडं थोडं दिलं आणि त्यातलं शेवटचं आपण झोपण्याआधी खेळून दिलं, तर पहाटेच्या धुमाकुळात फरक पडतो. एक मोठा तास खेळण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांचे दोन-तीन डाव चांगले, कारण मांजर हा लांब पळणारा प्राणी नाही, झडप घालणारा आहे.

तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागलं तर मात्र ताबडतोब थांबावं. कुत्र्याने जीभ बाहेर काढणं नेहमीचं आहे, मांजराने तसं करणं नाही. थांबूनही धाप ओसरली नाही किंवा हे वारंवार झालं तर पशुवैद्यांना दाखवावं. पर्शियनसारख्या चपट्या तोंडाच्या मांजरांना श्वासाचा त्रास लवकर होतो. एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याकडे तर दुपारी खेळच नको, पहाटे किंवा रात्रीच.

लहान घराबद्दल एक गोष्ट. मांजराच्या हिशेबात घर चौरस फुटांत मोजलं जात नाही, उंचीतही मोजलं जातं. कपाटावरची बॅगांची अडगळ काढून चादर टाकली, फ्रिजवर चढायला मधे एक फळी लावली, एका भक्कम लाकडी दांड्याला सुतळी घट्ट गुंडाळून नखं काढायला दिली, की वन बीएचकेचा टू बीएचके होतो. गॅलरीला जाळी हवीच. कबुतरांसाठी लावलेली पातळ नायलॉनची जाळी काही मांजरं दातांनी कुरतडून मोकळी होतात, म्हणून तारेची बरी.

ज्या खेळाने ऑपरेशनची वेळ येते

मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या दिशेला वळलेले असतात. एकदा दोरा जिभेवर अडकला की बाहेर थुंकणं कठीण, मग तो गिळलाच जातो. लांब दोरा आतड्यात गेला की आतडं त्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि कापलं जाऊ शकतं. परदेशी पुस्तकांत लोकर आणि ख्रिसमसच्या झिरमिळ्यांबद्दल इशारे असतात. आपल्या घरांत त्याची जागा गजऱ्याचा दोरा, हाराची सुतळी, राखी, मिठाईच्या खोक्याचा रबर, शिवणाची सुई-दोऱ्यासकट रीळ आणि संक्रांतीला गच्चीवरून आलेला मांजा घेतात. काठीचं खेळणंही खेळ संपला की कपाटात ठेवायचं ते यासाठीच. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. ओढल्याने आतडं फाटू शकतं. थेट दवाखाना.

आणि प्रत्येक धिंगाणा म्हणजे शिल्लक ऊर्जा नव्हे. सात-आठ महिन्यांची मांजरी रात्रभर ओरडत लोळत असेल तर ती बहुधा माजावर आहे. तिला खेळणं नको, नसबंदी हवी. दहा-बारा वर्षांचं मांजर अचानक तरतरीत झालं, भरपूर खातंय आणि तरी वाळतंय, तर थायरॉइड तपासावा. 'याला सोबत म्हणून दुसरं मांजर आणू' हा सल्लाही सर्रास मिळतो. एकत्र वाढलेली भावंडं एकमेकांना छान दमवतात. पण तीन वर्षं एकटं राहिलेल्या मांजरासाठी नवा पाहुणा म्हणजे हद्दीत घुसलेला परका असू शकतो. दुसरं मांजर हवं असेल तर जरूर आणावं, पण पहिल्याची करमणूक म्हणून नाही.

राहिला पहाटेच्या ओरडण्याचा प्रश्न. चार वाजता उठून वाटीत दाणे टाकले की मांजर एवढंच शिकतं, की चारला ओरडलं की माणूस हलतो. हे बंद केल्यावर पहिले काही दिवस आरडाओरडा कमी होत नाही, वाढतो. बरेच जण नेमके तिसऱ्या रात्री हार मानतात आणि मांजराला कळतं की आणखी जोरात ओरडायला हवं. टायमरवर उघडणारी वाटी असेल तर हा दोष माणसाकडून यंत्राकडे जातो. मांजर मग यंत्रासमोर जाऊन बसतं.

माझ्याकडे आता रात्री साडेदहाला शटलकॉक निघतो. पंधरा मिनिटांत तो सोफ्यामागे मरतो, वाटी वाजते, आणि अकराला मांजर कपाटावर पाय चाटत असतं. परवा लिफ्टमध्ये काकू पुन्हा भेटल्या. "देऊन टाकलंस का गं मांजर कुणाला? आवाजच येत नाही." म्हटलं, नाही, आहे अजून. आता साडेतीनऐवजी साडेपाचला उठवतं.